सोळा पायऱ्यांचा खराखुरा जिना

जिना पास झाला. मी नापास झालो.

हे काही झालंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. मीही तसंच धरून चाललोय. सकाळी दात घासताना थोडं जड जातं, बाकी दिवस निघून जातो.

मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. आम्ही ज्या वर्षी दाखल झालो त्याच वर्षी आमच्या संस्थेला साक्षात्कार झाला की इंजिनिअर लोक फार एकांगी असतात, म्हणून प्रत्येकाला मुख्य विषयासोबत एक मायनर, म्हणजे दुय्यम विषय, घेता येईल. माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर एक मुलगा छापला होता. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात व्हायोलिन. अर्जावर सही करायला त्याला तिसरा हात कुठून आणायचा, हे कुणी विचारलं नाही. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

मायनर घेणं ऐच्छिक होतं. घेतल्यावर सोडणं ऐच्छिक नव्हतं. नियम चौदा: दुय्यम विषयाची प्रात्यक्षिक परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय मुख्य विषयाची पदवी दिली जाणार नाही. हा नियम पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर होता, वसतिगृहात कपडे कुठे वाळत घालावेत याच्या खाली.

मी नाट्यशास्त्र घेतलं. शाळेत असताना मी चार वर्षं ओळीने भिंत झालो होतो. पुठ्ठ्याची नव्हे, मी स्वतः, करड्या चादरीत. माझ्यामागे लपलेले दोन राजपुत्र आज परदेशात आहेत. एवढा अनुभव वाया का घालवायचा, असा माझा साधा हिशेब होता.

घरी सांगितलं तेव्हा बाबा वर्कशॉपमधून नुकतेच आले होते. बाबांचं फॅब्रिकेशनचं काम आहे: गेट, ग्रिल, कठडे, जिने. त्यांनी बसवलेल्या एका गेटला ट्रकने धडक दिल्यावर ट्रक दुरुस्तीला गेला होता, आणि तो किस्सा आमच्या घरी पाहुण्यांना पाण्याच्या आधी मिळतो.

"नाटक?" बाबा हात पुसत म्हणाले. "म्हणजे बघणाऱ्याला लांबून बरं दिसलं की झालं, असलं काम?"

"नेपथ्य शिकणार आहे बाबा. रंगमंचावरचं घर, खिडक्या, असं."

"कुणी राहणार आहे का त्यात?"

"नाही."

"मग घर कशाला म्हणतोस?"

ताई दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे समोरच्याचं तोंड उघडं असतानाच बोलायची तिला सवय आहे. "ए शहाण्या," ती म्हणाली, "मी खोटे दात बसवते तर त्याने माणूस जेवतो तरी. तुझ्या खोट्या घराचं काय करायचं?"

"काहीतरी करेल तो," आई म्हणाली. आईचा हा पाठिंब्याचा आवाज आहे. काळजीचाही हाच आहे.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर मला नोकरीचं पत्र आलं. पूल तपासणाऱ्या एका कंपनीचं. काम असं की पुलाच्या पोटाखाली पाळण्यात बसायचं, हातोडीने ठोकत जायचं आणि आवाजावरून सांगायचं की हा अजून किती वर्षं उभा राहील. जगात मला हवं असलेलं एवढं एकच काम आहे. बाकीची मुलं मोठ्या कंपन्यांच्या मागे होती, मी रात्रंदिवस पुलाच्या पोटाखाली लटकायची स्वप्नं बघत होतो. पत्रात एकच अट होती: एक तारखेच्या आत पदवीचं प्रमाणपत्र दाखवा, नाहीतर पाळणा दुसऱ्याला.

म्हणजे आता फक्त प्रात्यक्षिक राहिलं होतं.

नाट्यशास्त्राच्या मॅडम बोलताना नेहमी आमच्या डोक्यावरून मागे बघायच्या, तिथे शेवटची रांग बसलेली असावी तसं. त्यांनी परीक्षेच्या नाटकातली कामं वाटली. कुणाला प्रकाश, कुणाला वेशभूषा. मला म्हणाल्या, "तू इंजिनिअर ना? मग तुला जिना."

नाटक शोकांतिका होतं. थोरला मुलगा वीस वर्षांनी घरी येतो, वडील वारलेत, तो जिना चढून त्यांच्या खोलीकडे जातो. जिना करकरतो. मुलगा थांबतो आणि म्हणतो, "या घरात माझ्यासाठी रडणारं एवढंच उरलंय." पडदा. मॅडमच्या मते त्या करकरीवर सगळं नाटक उभं होतं.

मी आराखडा काढून मुख्य विषयाच्या गाइडना दाखवला. त्यांना आम्ही सळई सर म्हणतो, कारण ते उंच आहेत, बारीक आहेत आणि वाकत नाहीत.

"भार किती धरलास?"

"सर, नायक अडुसष्ट किलोचा आहे."

"एकटाच चढणार?"

"नाटकात तेवढंच लिहिलंय."

सळई सरांनी चष्मा काढला. "लिहिलेलं कोण पाळतं? आग लागली तर? प्रेक्षक रंगमंचावर धावले तर? आणि जिना म्हटला की सुरक्षा गुणांक आला. तू माझा विद्यार्थी म्हणून मिरवणार आणि अडुसष्ट किलोवर जिना उभा करणार?"

मी प्रेक्षकांसकट गणित केलं. सभागृहात तीनशे दहा खुर्च्या होत्या.

मग तो कागद घेऊन बाबांकडे गेलो. आता इथे कुणी म्हणेल, प्लायवुड घ्यायचं, खिळे मारायचे, तपकिरी रंग फासायचा. बरोबर आहे. जगातल्या कुठल्याही कुटुंबाने तेच केलं असतं. पण मी बाबांना सांगायला सुरुवात केली, "बाबा, हा खोटा जिना..." आणि बाबांनी वेल्डिंगची काच कपाळावर चढवली.

"खोटा म्हणजे?"

"म्हणजे वर काही नाही. पायऱ्या संपल्या की संपलं."

"वर काय असावं ते मालक बघेल. जिना खोटा कसा असेल? माणूस पाय ठेवणार ना त्यावर?"

"एकच माणूस. अडुसष्ट किलो."

"त्याला आई असेल ना रे," बाबा म्हणाले, आणि काच खाली ओढली.

तो विषय तिथे संपला. सोळा पायऱ्या, दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनल, मध्ये थांबायला एक सपाट टप्पा, कठडा गोल पाइपचा, म्हणजे हात सोलवटायला नको. सुट्या भागांत टेम्पोने नेला आणि रंगमंचावरच जोडला. बाबांनी तीन रविवार दिले. लाकडी फळ्या उचलून खालच्या काँक्रीटमध्ये बारा बोल्ट गाडले. शेवटच्या बोल्टवर त्यांनी हाताने थाप मारली आणि कान लावला. मी पुलाखाली जे करणार होतो तेच. मला त्या क्षणी फार बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. इतकं बरं वाटणाऱ्या माणसाने पुन्हा एकदा तरी संहिता उघडून बघायला हवी होती.

परीक्षेच्या नियमाप्रमाणे कलाकृतीवर नाव घालायचं नव्हतं, फक्त परीक्षा क्रमांक. मी पहिल्या पायरीच्या खाली पांढऱ्या रंगात माझा क्रमांक घातला. चारशे सात.

प्रयोगाच्या दिवशी सभागृह भरलं. आई, ताई, बाबा चौथ्या रांगेत. सळई सर पहिल्या रांगेत. नाटक बघायला ते आयुष्यात पहिल्यांदाच आले होते आणि त्यांनी जिना सरळ आहे का बघायला सोबत ओळंबा आणला होता.

तिसरा अंक. थोरला मुलगा येतो. जिन्याकडे बघतो. पहिली पायरी. शांतता. दुसरी पायरी. शांतता. नायक बिचारा मन लावून काम करत होता. त्याने तिसऱ्या पायरीवर टाच आपटली. चौथ्या पायरीवर उडी मारली. सातवीवर दोन्ही पायांनी नाचला. जिना गप्प. शेवटी तो टप्प्यावर उभा राहिला, घामाघूम, आणि म्हणाला, "या घरात माझ्यासाठी रडणारं एवढंच उरलंय."

चौथ्या रांगेतून बाबांचा आवाज आला, "अरे, रडणार नाही तो. बारा बोल्ट आहेत."

तीनशे दहा माणसं हसली. प्रकाशयोजनेवाला हसता हसता बटणावर पडला आणि शोकांतिका गुलाबी प्रकाशात संपली.

मॅडमनी मला विंगेत गाठलं. पहिल्यांदाच त्या माझ्याकडे बघत होत्या.

"काय आहे हे?"

"जिना, मॅडम."

"तेच तर! मी तुला जिना सांगितला नव्हता. जिन्याचा आभास सांगितला होता. रंगमंचावर सगळं खोटं असतं म्हणून ते खरं वाटतं. तू खरंच आणून ठेवलंस, आता ते कसलं वाटणार?"

"मॅडम, करकर मी तोंडाने काढून देतो. विंगेतून."

"चाळीसपैकी शून्य," मॅडम म्हणाल्या. "आणि उद्या सकाळपर्यंत हे हलव. परवा नृत्याचा कार्यक्रम आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी जिन्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. "निघणार नाही," ते म्हणाले. त्यांना दुःख झाल्याचं दाखवायचं होतं, जमलं नाही.

नृत्यवाल्यांनी जिन्याभोवती नृत्य केलं. त्यांना पारितोषिक मिळालं, परीक्षकांनी 'नेपथ्याचा धाडसी वापर' असं लिहिलं. हे मी शांतपणे लिहितोय. ज्या जिन्याला नेपथ्यात शून्य, त्याच जिन्याला नेपथ्यात पारितोषिक, आणि ते घेऊन गेली पायात घुंगरू घातलेली मंडळी. मग वक्तृत्व स्पर्धा झाली, एक मुलगी सहाव्या पायरीवरून बोलली आणि जिंकली. मग निरोप समारंभ झाला, सगळ्या वर्गाने पायऱ्यांवर उभं राहून फोटो काढला. मी फोटोत नाही. मी तेव्हा खिडकीवर होतो.

खिडकी म्हणजे परीक्षा विभागातला माणूस. त्याचा फक्त चेहरा आणि एक हात आम्ही बघितलाय, त्यामुळे बाकीचा तो आहे की नाही याबद्दल मतभेद आहेत. मी पुनर्परीक्षेचा अर्ज मागायला गेलो होतो. एक तारखेला अठरा दिवस होते.

"मिळेल," खिडकी म्हणाली. "रंगमंच रिकामा असल्याचा दाखला आणा."

"रंगमंचावर जिना आहे."

"काढा मग."

"तो निघत नाही. त्याच्यापायीच तर मी नापास झालोय."

"कोण नापास झालंय?"

"मी."

"मग जिना कशाला मध्ये आणताय?"

मी इमारत विभागात गेलो. त्यांना म्हटलं, तोडा. माझी हरकत नाही. बाबांना मी समजावेन. इमारत विभागाने आधी जिन्याला नोटीस दिली. अनधिकृत बांधकाम. ती कठड्याला दोऱ्याने बांधली आणि सात दिवसांत उत्तर मागितलं. जिन्याने उत्तर दिलं नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की बोल्ट काढायचे तर रंगमंचाखालचं काँक्रीट फोडावं लागेल, आणि काँक्रीट अधिकृत आहे. अधिकृत वस्तूला धक्का न लावता अनधिकृत वस्तू कशी काढायची? त्यावर त्यांनी तोडगा काढला: जिनाच अधिकृत करायचा. त्यासाठी भार चाचणी हवी. चाचणी संस्थेच्या प्रयोगशाळेकडूनच व्हायला हवी, म्हणजे सळई सरांकडे.

सळई सरांनी पायऱ्यांवर वाळूच्या पिशव्या रचल्या. साठ. मग ऐंशी. मोजणीचा काटा केसभर हलला आणि पिशव्या काढल्यावर जागेवर आला. सरांनी खिशातून रुमाल काढला.

"सर, मग नाटकाच्या प्रात्यक्षिकाऐवजी तुमच्या विषयात हाच धराल का?" मी विचारलं. बुडणारा माणूस जशी काडी बघतो तसा मी त्यांच्याकडे बघत होतो.

"हा? हा जातो कुठे?"

"कुठेच नाही सर. नाटकातला आहे."

"कुठेच न जाणाऱ्या वस्तूला आमच्या विषयात जिना म्हणत नाहीत," सर डोळे टिपत म्हणाले. "पण काम काय झालंय!"

आता नीट ऐका, कारण इथे माझ्या आयुष्याचं वाटोळं चार मिनिटांत झालं. प्रयोगशाळेच्या अहवालात नमुन्याचा क्रमांक लिहावा लागतो. प्रयोगशाळेतल्या सहायकाने पहिल्या पायरीखाली बघितलं आणि लिहिला: चारशे सात. नाव: जिना, लोखंडी, एक नग. निकाल: उत्तीर्ण. शेरा: विशेष प्रावीण्य. असा कागद संस्थेत कुठेही सोडला तरी तो घरंगळत परीक्षा विभागातच जातो.

खिडकीने माझ्यासमोर रजिस्टर उघडलं. "चारशे सातचा निकाल लागलाय की. अभिनंदन."

मी लगेच हात पुढे केला. "मग प्रमाणपत्र?"

"जिन्याला आणा, सही करून घेऊन जाईल."

"अहो, चारशे सात मी आहे!"

"होतात," खिडकी म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी माया होती. "एका क्रमांकाला एकच उमेदवार. हा क्रमांक सध्या जिन्याकडे आहे. तुम्हाला पुनर्परीक्षेला बसायचं तर क्रमांक लागेल."

"दुसरा द्या."

"दुसरा देता येतो. पहिला कुणाकडे असेल तर नाही."

मी दोन वर्षं तुळया, खांब, पाया शिकलो. एकही तुळई इतकी पक्की नव्हती. या वाक्यावर वाळूच्या कितीही पिशव्या ठेवा, केसभर हलत नाही.

एक तारखेला सहा दिवस राहिले तेव्हा संयुक्त समिती बसली. एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला सळई सर, मध्ये अध्यक्ष. अध्यक्ष सज्जन होते आणि बैठक संपवायची त्यांना घाई होती. मी एकटा जाणार होतो, पण बाबा वर्कशॉपचे कपडे न बदलता सोबत आले.

"याने खोटं काम करायला हवं होतं, ते केलं नाही," मॅडम म्हणाल्या.

"याने खरं काम केलं, पण आमच्या विषयात बसेल असं नाही," सळई सर म्हणाले.

"म्हणजे दोघांचंही म्हणणं बरोबर आहे," अध्यक्ष म्हणाले आणि घड्याळाकडे बघितलं.

बाबा उभे राहिले. त्यांना कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं.

"साहेब, मी लोखंडवाला माणूस, मला तुमचं काही कळत नाही. एवढं सांगा. पोरगा तुमच्याकडे दोन विषय शिकला. त्या बाईंनी नाटक शिकवलं, या सरांनी बांधकाम. त्याने दोन्ही एकत्र करून दाखवलं. तुम्हाला दोन्ही एकत्र नको होतं, तर पुस्तकावर तो हेल्मेटवाला पोरगा छापला कशाला? फसवायला?"

बाबांचा आवाज कधी चढत नाही. त्या दिवशी तो इतका खाली होता की अध्यक्षांना पुढे वाकावं लागलं.

"आणि तो जिना माझा आहे. त्यात काही चुकलं असेल तर शून्य मला द्या. माझी सहीसुद्धा कुठे घेतली नाहीत तुम्ही."

"आपली भावना समिती नोंदवून घेईल," अध्यक्ष म्हणाले.

नोंदवून घेतलीही. इतिवृत्ताची प्रत माझ्याकडे आहे. त्यात बाबांच्या जागी लिहिलंय: 'उमेदवार क्रमांक चारशे सात यांचे निर्माते उपस्थित होते.' म्हणजे बाबा जिन्याच्या बाजूने आले होते. माझ्या बाजूने कुणी आल्याची नोंद नाही. समितीचा निर्णय असा की उमेदवाराचा निकाल अबाधित राहील, आणि जो कोणी नापास झाला असेल त्याने योग्य त्या मार्गाने अर्ज करावा.

बाहेर आल्यावर बाबा सभागृहाच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "प्लायवुडचा करायला हवा होता का रे?"

खरं सांगतो, हो म्हणणार होतो. पुलाचं पत्र खिशात होतं, हो म्हणायला माझा पूर्ण हक्क होता. आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही." स्वतःचाच इतका संताप आला की तिथल्या तिथे कागद मागून घेतला आणि बाबांच्या पाठीवर ठेवून लिहायला बसलो. एक तारखेच्या आत हा माझा शेवटचा कागद. बाबांनी पाठ हलवली नाही.

प्रति,
माननीय परीक्षा नियंत्रक

विषय: उमेदवार क्रमांक चारशे सात (जिना, लोखंडी, एक नग) यामध्ये अर्जदाराचा समावेश करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त उमेदवाराच्या सोळा पायऱ्या आपल्या दप्तरी विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण आहेत. सदर उमेदवाराच्या घडणीत अर्जदाराने भाग घेतला असून अर्जदारासही कुठेच जाता आलेले नाही, सबब दोहोंत तत्त्वतः फरक नाही. अर्जदाराची उंची, वजन व भार सोसण्याची क्षमता यांची चाचणी प्रयोगशाळेने कोणत्याही कार्यालयीन दिवशी घ्यावी. वाळूच्या पिशव्या अर्जदार स्वतः आणील. तरी अर्जदारास सदर जिन्याची सतरावी पायरी म्हणून मान्यता देऊन, जिन्यास प्राप्त झालेल्या पदवीचा सतरावा हिस्सा प्रमाणित प्रतीच्या स्वरूपात, येत्या एक तारखेपूर्वी, कार्यालयीन वेळेत, अर्जदाराच्या हाती देण्याचे आदेश व्हावेत, ही विनंती.